वाहत्या पाण्याला दोष नाही?

बरेच जण म्हणतात की कारखान्याचं सांडपाणी थांबलं की नदी काही वर्षांत आपोआप स्वच्छ होते. मैल्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, जिवाणू तो खाऊन टाकतात. पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी विषारी रसायनं) यांचं तसं नाही.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली हडसन नदी बघा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथले कपॅसिटरचे (विजेचा भार साठवणाऱ्या भागांचे) कारखाने 1947 ते 1977 पीसीबी नदीत सोडत होते, अंदाजे 13 लाख पौंडांपर्यंत. ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, गाळाला चिकटून बसतात. तिथून किडे, छोटे मासे, मोठे मासे अशी चढत जातात आणि चरबीत साठतात. म्हणजे पाणी नितळ दिसेल, पण मासा खाण्यालायक नसेल. त्यात 1973 मध्ये फोर्ट एडवर्डचं जुनं धरण पाडलं आणि मागे अडकलेला गाळ खाली वाहून गेला. 

नदी स्वतःच सावरतेय, गाळ उपसला तर विष ढवळून वर येईल, असा कंपनीचाही युक्तिवाद होताच. शेवटी 2009 ते 2015 दरम्यान वरच्या भागातला सुमारे 21 लाख घनमीटर गाळ काढावा लागला. 2019 मध्ये अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिलं, तर न्यूयॉर्क राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेलं. 2021 मध्ये राज्य हरलं. वरच्या हडसनमध्ये मासा पकडला तर आजही परत सोडावा लागतो.