मदत हवी आहे: मायलिनची (मज्जातंतूंवरच्या आवरणाची) दुरुस्ती एमआरआयवर कळते का?

देवगडहून लिहितेय. धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूतलं हे आवरण खराब होण्याचा आजार) आहे, वय ३४. औषधाने नवे झटके थांबलेत, पायांचा जडपणा मात्र हटत नाही. फिजिओ चालू आहे. काढे-लेप कृपया सुचवू नका.

वाचलं ते असं: जुन्या व्रणांत (एमआरआयवर डाग दिसतात तिथे) मायलिन बनवू शकणाऱ्या कच्च्या पेशी बऱ्याचदा असतात, पण पक्व होत नाहीत. भोवती हायल्युरोनन (पेशींमधल्या जागेतला एक पदार्थ) साचतं, तुटलेल्या मायलिनचा कचरा वेळेत उचलला जात नाही, वयाबरोबर ऊतीही कडक होते. बी आहे, जमीनच साथ देत नाही! नेहमीच्या एमआरआयवर दुरुस्त झालेला आणि न झालेला डाग वेगळा ओळखता येत नाही.

मायलिन वॉटर इमेजिंग (मायलिनच्या प्रमाणाचा अंदाज देणारी खास एमआरआय) गोवा, कोल्हापूर किंवा मुंबईत रुग्णांसाठी कुठे होतं का? आणि त्याच्या निकालाने कुणाचे उपचार खरंच बदललेत का?