नामदेवांची मेलेली गाय: गुरबाणीतल्या कथा सांगायच्या कशा? (चर्चा धागा)

अक्षरपाटी (धागाकर्ता)

गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत, १८ रागांत. त्यातला राग भैरउमधला, अंग (पान) ११६५वर सुरू होणारा 'सुलतानु पूछै सुनु बे नामा' हा कथाकारांचा, म्हणजे गुरुद्वाऱ्यात गुरबाणीचा (ग्रंथातल्या या पदांचा) अर्थ सांगणाऱ्यांचा, फार आवडता. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सुलतान नामदेवांना बांधतो आणि कापलेली गाय जिवंत करून दाखव, नाहीतर मान उडवतो म्हणतो. हत्ती अंगावर सोडतो. आई रडून सांगते, राम सोड, खुदा म्हण. नामदेव ऐकत नाहीत. शेवटी गरुडावर बसून गोविंद येतो, गाईचं दूध निघतं, सुलतान वरमतो.

कथेत होतं काय, तर उथानका, म्हणजे शबदाआधी सांगायची पार्श्वकथा, अर्धा तास चालते आणि अर्थाला पाच मिनिटं उरतात. मुलांच्या गुरमत (गुरूंच्या शिकवणीच्या) वर्गात तर नुसता चमत्कारच हाती लागतो. माझं म्हणणं, हा शबद चमत्कार म्हणून सांगणं बंद करावं.

अंग ६५०वर तिसरे गुरू स्वच्छ म्हणतात, 'धिगु सिधी धिगु करमाति'. सिद्धींचा धिक्कार, करामतींचा धिक्कार. परंपरेत बाबा अटलांची साखी (आख्यायिका) आहे: सर्पदंशाने गेलेल्या सवंगड्याला त्यांनी उठवलं, तर वडील गुरु हरगोबिंद रागावले आणि अटलांनी स्वतःचे प्राण सोडले. अमृतसरला नऊ मजली बुंगा (मनोरा) आहे तो त्यांचाच, वयाच्या नऊ वर्षांचे नऊ मजले. १६७५ मध्ये दिल्लीत गुरु तेग बहादुरांकडेही करामत मागितली गेली, त्यांनी शीर दिलं, करामत दाखवली नाही. ही तीन उदाहरणं एका हाताने शिकवायची आणि दुसऱ्या हाताने 'नामदेवांनी गाय उठवली' म्हणून टाळ्या घ्यायच्या, हे जुळत नाही. नामदेव तर चौथ्याच कडव्यात सांगून मोकळे होतात: 'मेरा कीआ कछू न होइ'.

गोदातीर

अक्षरपाटी, धागा चांगला, निष्कर्ष साफ अमान्य.

पहिलं म्हणजे हा चमत्कार उथानकेतून आलेला नाही, शबदातच आहे. 'गरुड़ चड़्हे गोबिंद आइला' ही ओळ कुणा कथाकाराने घुसडलेली नाही. भाई गुरदासांच्या दहाव्या वारेत (दीर्घकाव्यात), ११व्या पौडीत (कडव्यात), नामदेवांचं दूध, गाय, शाकारलेलं छप्पर आणि फिरलेलं देऊळ, चारही प्रसंग ओळीने येतात. भाई गुरदासांनी आदिग्रंथाची बीड (मूळ हस्तलिखित प्रत) स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांना गुरमत कळलं नव्हतं म्हणायचं का?

दुसरं, साखीच काढायची तर राम रायांची काढा. औरंगजेबाच्या दरबारात गुरबाणीतल्या 'मिटी मुसलमान की' या ओळीत त्यांनी 'बेईमान की' असं केलं. एकच शब्द, समोरच्याला रुचावा म्हणून. गुरु हरिरायांनी पोटच्या पोराला तोंड दाखवू नकोस म्हटलं. आज विज्ञानवादी श्रोता समोर बसलाय म्हणून गरुड 'प्रतीक' करायचा, गाय 'मनोवृत्ती' करायची, हा त्याच रस्त्यावरचा प्रवास आहे.

आणि तुमच्याकडून पुढे येईलच म्हणून आधीच सांगतो: 'रहाउची (ध्रुवपदाची) ओळ म्हणजे शबदाचा गाभा' हा नियम इथे चालवून दाखवा. इथलं रहाउ आहे 'नामा सुलताने बाधिला, देखउ तेरा हरि बीठुला'. बघतोच तुझा विठ्ठल, हे सुलतानाचे शब्द. सुलतानाचं आव्हान म्हणजे शबदाचा गाभा?

अक्षरपाटी

रहाउचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. शबद पुरावा मागण्याबद्दल आहे, म्हणूनच पुराव्याची मागणी रहाउमध्ये बसली आहे. त्या मागणीला उत्तर कुठे मिळतं ते शोधा. गाय दुभल्यावर शबद संपत नाही, अजून आठ कडवी आहेत. २३व्या आणि २४व्यात नामदेव सुलतानाला म्हणतात की या पतियाचं, म्हणजे खात्रीचं, प्रमाण एकच: 'साचि सीलि चालहु सुलितान'. सचोटीने आणि शीलाने राज्य कर. कथा नेमकी या कडव्यांपाशी आटोपती घेतली जाते, कारण मटकी भरली की श्रोत्यांचा जयकारा होऊन गेलेला असतो.

ओळी पुसा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. कोण बोलतंय ते बघा, एवढंच. १७ आणि १८ही कडवी गोविंदाच्या तोंडची आहेत: 'कहहि त', तू म्हणशील तर धरणी कलती करतो, म्हणशील तर मेलेली गाय जिवंत करतो. पुढच्या १९व्यात वासरू लावून गाय दुहिली जाते. मधे 'गाय उठली' अशी ओळच नाही. ज्या क्षणावर कथाकार दहा मिनिटं खर्च करतात तो क्षण शबदाने गाळलाय.

गोदातीर

गाळलेला नाही, गृहीत धरलाय. दूध मेलेल्या गाईचं निघत नाही.

सहजपाठी

दोघांचंही वाचून झालं. एक सुचवतो: नामदेव वाचताना शेजारी नामदेवच ठेवा.

अंग ११६३वर 'दूधु कटोरै गडवै पानी' आहे. कपिला गाय दुहून आणली, गोविंदा दूध पी, नाहीतर घरी बाप रागावेल. देव हसतो, दूध पितो. (आपल्याकडे हाच प्रसंग नैवेद्य जेवणाऱ्या विठोबाचा म्हणून ठाऊक आहे.) आता अंग ४८५ उघडा, राग आसा. तेच नामदेव म्हणतात, दुधाची खीर करून ठाकुराला नैवेद्य दाखवावा तर दूध आधीच वासराने उष्टावलंय, 'पहिले दूधु बिटारिओ बछरै'. पाणी आणावं तर त्यात बेचाळीस लाख जीव. बीठल सगळीकडे भरलेलाच आहे, मग मी करू काय? अंग ५२५वर तर एका दगडावर भाव आणि दुसऱ्यावर पाय, हे कसं, असा रोकडा सवाल आहे.

म्हणजे पहिला शबद अक्षरशः घेतला तर दुसरा अडतो, आणि पहिला निव्वळ रूपक म्हटला तर 'घर को बापु रिसाइ' मधलं ते घाबरलेलं पोर हातातून निसटतं.

पौराणिक कथांचंही तसंच. नामदेव याच भैरउमध्ये प्रल्हादाची कथा पूर्ण भरवशाने सांगतात, शंड आणि मर्क या मास्तरांच्या तक्रारीसकट. आणि राग गोंडात, अंग ८७४-७५वर, पांडेला (पंडिताला) म्हणतात की तुझी गायत्री लोध्याचं शेत खात होती, आणि तुझा रामचंद्र रावणाशी झुंजून घरची बाई घालवून बसला होता. त्याच शबदात पुढे 'हिंदू अंन्हा तुरकू काणा', हिंदू आंधळा, तुरक काणा. दोन्हीकडे पुराणच आहे. फरक कथेच्या खरेखोटेपणाचा नाही, कथेकडून काय काम करून घेतलंय त्याचा आहे. प्रल्हाद सत्तेपुढे न झुकण्यासाठी उभा केलाय, पांडेची पुराणं उपजीविकेसाठी सांगितली जातात म्हणून झोडपली आहेत. सगळं प्रतीक किंवा सगळं इतिहास, अशी एकच पट्टी लावून गुरबाणी वाचता येत नाही.

उथानकेशिवाय भागतही नाही. नववे गुरू 'अजामलु पापी जगु जाने' एवढंच म्हणतात, अंग ६३२. जग जाणतं, म्हणजे श्रोत्याला कथा ठाऊक आहे असं धरून चाललेत. आज नांदेडच्या किंवा मुंबईच्या दहा वर्षांच्या पोराला अजामिळ ठाऊक नसतो. तिथे तीन मिनिटं द्यावीच लागतात.

टाळमंजिरी

कीर्तनाच्या बाजूने थोडं. रहाउ हीच स्थायी असते. म्हणजे हा शबद गायला की प्रत्येक अंतऱ्यानंतर 'देखउ तेरा हरि बीठुला' पुन्हा येतं. हत्तीनंतर येतं, आईच्या रडण्यानंतर येतं. १२व्या कडव्यात पायात बेडी आहे आणि हात ताल धरताहेत, 'पावहु बेड़ी हाथहु ताल', त्यानंतरही तेच. १४व्यात सात घटका उलटल्या, म्हणजे पावणेतीन तास, आणि त्रिभुवनाचा धनी आलेला नाही, तरी पुन्हा तेच. मटकी भरल्यानंतर मात्र तीच ओळ सुलतानाच्या अंगावर उलटते. कागदावर वाचून हे लक्षात येत नाही. २८ कडवी पुरी गायला वेळ लागतो म्हणून रागी (शबद गाणारे कीर्तनकार) चारपाच अंतरे निवडतात, आणि निवडताना गरुड ठेवतात, बेडी आणि सात घटका सोडतात. धागाकर्त्यांची तक्रार कथाकारांवर आहे, ती आमच्यावरही करा.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. फिरलेल्या देवळाचा शबद घ्या, अंग ११६४, 'हसत खेलत तेरे देहुरे आइआ'. औंढा नागनाथला आपल्याकडे हीच कथा दाखवतात, नंदी देवळामागे का म्हणून. चमत्कार शेवटच्या एका ओळीत आहे. रहाउ आहे 'हीनड़ी जाति मेरी', यादवराया, छिप्याच्या (कापड छापणाऱ्याच्या) जन्माला मला का घातलंस? आणि मलार रागात, अंग १२९२वर, ते आणखी उघड येतं: 'सूदु सूदु करि मारि उठाइओ'. शूद्र शूद्र म्हणत मारून उठवलं. कथेत देऊळ कुठल्या दिशेने कसं वळलं याचं वर्णन रंगतं, मार खाल्ला हे एका वाक्यात उरकतं. चमत्काराने अपमान झाकला जातो. माझा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने नाहीच.

गोदातीर

टाळमंजिरी, मार खाल्ल्याचं सांगितलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्याच मलारच्या शबदाचा शेवट बघा: देऊळ नाम्याकडे फिरलं, 'पंडीअन कउ पिछवारला'. पंडितांच्या वाट्याला पिछाडी आली. ज्याला हाताला धरून बाहेर काढलं, त्याच्या दृष्टीने देऊळ फिरणं हाच न्याय. ते तुम्ही 'अंतःकरणाचं परिवर्तन' वगैरे केलंत की पंडित पुढच्या दारात बसले ते बसलेच, आणि नामा मागे कांबळं पांघरून. चमत्कार काढला की नुसता अपमान उरतो. म्हणून मी गाय सोडत नाही आणि देऊळही सोडत नाही.

पोथीपाटी

वर्ग घेणाऱ्यांसाठी व्यवहाराचं लिहितो, कारण वाद रंगला तरी रविवारी सकाळी समोर पंचवीस मुलं असतात.

सगळ्यात मोठी गल्लत स्रोतांची होते. बाणीत काय आहे, भाई गुरदासांकडे काय, जनमसाखीत (गुरु नानकांच्या चरित्रकथांत) काय आणि १८४३ मध्ये पूर्ण झालेल्या कवी संतोख सिंघांच्या सूरज प्रकाश या गुरुचरित्रात काय, हे सगळं एकाच दमात आणि एकाच सुरात सांगितलं जातं. उदाहरण भाई लालोंचं. गुरु नानकांनी पिळल्यावर गरीब लालोच्या भाकरीतून दूध आणि श्रीमंत मलिक भागोच्या पक्वान्नातून रक्त निघालं, ही साखी. आता अंग ७२२ बघा, 'जैसी मै आवै खसम की बाणी तैसड़ा करी गिआनु वे लालो'. लालोचं नाव आहे. भागो नाही, भाकरी नाही, शबद बाबराच्या स्वारीबद्दल आहे, 'पाप की जंञ लै काबलहु धाइआ'. साखी सांगून लगेच हा शबद वाचला की मुलं त्यात भाकरी शोधतात. त्या साखीला शोभणारी ओळ अंग १४१वर आहे, 'हकु पराइआ नानका उसु सूअर उसु गाइ': दुसऱ्याचा हक्क खाणं मुसलमानाला डुकरासारखं, हिंदूला गाईसारखं. ती जोडा, मग 'आमची पोळी पिळली तर काय निघेल' या प्रश्नाला उत्तर देता येतं: कुणाचा पगार थकवून ती आली ते विचार.

गाईच्या शबदाला पाऊण तास असेल तर अशी वाटणी जमते. आधी शबद पूर्ण वाचायचा, कथा न सांगता, १० मिनिटं. मग फळ्यावर कडव्यांचे आकडे आणि समोर कोण बोलतंय ते मुलांकडूनच भरून घ्यायचं: सुलतान, नामदेव, आई, गोविंद, निवेदक. याला १५ मिनिटं. नवव्या कडव्याला हमखास अडतं. 'या हिंदूने माझा मान मोडला' हे काजी-मुल्लांच्या सलामाच्या ओळीला लागून येतं, पण बोलतोय सुलतान. तिथे चुकलं की शबद हिंदू-मुसलमान भांडणाचा होतो आणि 'साचि सीलि' दिसेनासं होतं. उथानका त्यानंतर, ५ मिनिटं, आणि कुठून आली ते सांगून. सुलतानाचं नाव शबदात नाही, गावाचंही नाही. पंजाबात मुहंमद बिन तुघलक सांगतात, मराठीत बेदरचा बादशहा. दोन्ही सांगावीत. उरलेला वेळ २३व्या कडव्यापासून शेवटापर्यंत.

मोठ्यांच्या दिवाणात (धर्मसभेत) याला आधार लागतो. १९४५ साली मंजूर झालेल्या सिख रहित मर्यादेत (शिखांच्या आचारसंहितेत) संगतीत अन्यमताच्या पुस्तकाची कथा करायला मनाई आहे, पण चांगल्या शिकवणुकीचा दाखला घ्यायला मुभा आहे. अजामिळ किंवा प्रल्हाद तीन मिनिटांत सांगणं त्यात बसतं. त्यावर आख्यान लावणं बसत नाही.

आणि मुलं विचारतातच: नामदेवांसाठी देव आला, मग दिल्लीत गुरु तेग बहादुरांसाठी का नाही आला?

अक्षरपाटी

त्यावर माझं उत्तर सातव्या कडव्यात आहे. 'पिंडु पड़ै तउ हरि गुन गाइ', देह पडला तरी हरिगुण गाईन. नामदेवांचा निर्णय तिथे झाला, गरुड आठ कडव्यांनी आला. दिल्लीतही निर्णय तोच होता.

गोदातीर

हे उत्तर वर्गात मीही देईन. पण मग २६वं कडवं वाचा, 'जउ अब की बार न जीवै गाइ, त नामदेव का पतीआ जाइ'. आता गाय उठली नाही तर नामदेवांवरचा विश्वास जाईल. लोकांचं बोलणं आहे, मान्य. शबदाने ते खोडून काढलेलं मात्र नाही, लगेच पुढे 'नामे की कीरति रही संसारि' आहे. या दोन कडव्यांचं काय करायचं ते सांगा, मग चमत्कार बंद करण्याचं बोलू.

सहजपाठी

२६वं लोकांचं, २७वं निवेदकाचं. लोक गाईवर पैज लावतात, निवेदक 'भगत जनां ले उधरिआ पारि' म्हणतो, गाईचा उल्लेखही करत नाही. अर्थात हे तुम्हाला पटणार नाही, कारण कीर्ती कशामुळे राहिली ते त्यानेही सांगितलेलं नाही.