अध्यक्षाशिवाय बचत गट चालतो का?

वेलदोडा: गटात १४ जणी, महिन्याला २०० रुपये बचत, बैठक ५ तारखेला. कर्ज कुणाला द्यायचं हे अध्यक्षच ठरवतात, बाकीच्या माना डोलावतात. सगळ्यांनी मिळून चालवायचं म्हटलं तर बँकेला पदाधिकारी लागतातच. कसं जमवायचं?

हिशेबनीस: अध्यक्ष बँकेपुरता ठेवा. बैठक चालवायची पाळी दर वेळी बदला, वहीतल्या नावांच्या क्रमानं. म्हणजे 'आज कोण' यावर वाद नको. सह्या करणाऱ्या मात्र सारख्या बदलू नका. बचत खात्याला केवायसी पदाधिकाऱ्यांचंच पुरतं, पण नवी सही म्हणजे पुन्हा ठराव, फोटो, आधार आणि शाखेत हेलपाटे. वर्ष-दोन वर्षांनी बदल पुरे.

खरी सत्ता वहीत असते. हिशेब एकटीलाच येत असेल तर पाळ्या फिरवून काही होत नाही. लिहिणारीच्या शेजारी पुढच्या महिन्याची लिहिणारी बसवा. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीकडे. उठताना शिल्लक मोठ्यानं सांगायची: 'पेटीत तीन हजार चारशे पन्नास.' पुढच्या बैठकीत वही उघडायच्या आधी तो आकडा दोघी-तिघींना विचारायचा. लिहिता-वाचता न येणारीलाही मग चूक पकडता येते.

पळसवाडी: माना डोलावतात, कारण विषय त्यांना तिथेच पहिल्यांदा कळतो. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक, २००९ सालचं. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते, पण अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात माहिती काढायची, जाणकाराला प्रश्न विचारायचे, हवं तेवढं भांडायचं. निर्णय मात्र घ्यायचा नाही, तो ग्रामसभेचा. तुम्हीही कर्जाची मागणी आठवडाभर आधी सगळ्यांच्या कानावर घाला. बैठकीत एकेकीनं क्रमानं बोलायचं, अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी. त्या आधी बोलल्या की बाकीच्यांचं बोलणं तिथेच संपतं.

वेलदोडा: एकीनंच नकार दिला तर? आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर बैठक कुठून बोलवायची?

हिशेबनीस: नकाराला कारण हवं. 'ती मला पटत नाही' हे चालणार नाही. 'आधीचे दोन हप्ते थकलेत' हे चालेल. मग रक्कम कमी करा, मुदत बदला, नाहीतर विषय पुढच्या बैठकीवर टाका. तिथेही अडलं तर काय, हे भांडण नसतानाच ठरावात लिहून ठेवा, समजा १४ पैकी ११ जणींचा होकार. नाहीतर अडून बसणारीच अध्यक्ष होऊन बसते.

दवाखान्यासाठी समजा २,००० पर्यंतची मुभा आधीच देऊन ठेवा: तिघी किल्लीवाल्या मिळून पेटी उघडतील, पुढच्या बैठकीत ती नोंद सगळ्यात आधी वाचली जाईल. पेटीत त्या बेतानंच रोकड ठेवा, बाकी बँकेत. किल्लीवाली माहेरी गेली तर किल्ली कुणाकडे, तेही ठरवा. पेटी सांभाळणारीकडे मात्र नको.