पाडकामाच्या आधीची वर्षं: तुमचे अनुभव

न्यूयॉर्कचं जुनं पेन्सिल्व्हेनिया स्टेशन 1963 साली पाडायला घेतलं; शहराचा वारसा-संरक्षण कायदा आला 1965 मध्ये. वाढत्या शहरांत हळहळ अशीच उशिरा येते. म्हणून या धाग्यात मला जुन्या इमारतींच्या पाडकामाच्या दिवसाविषयी नव्हे, त्याआधीच्या वर्षांविषयी ऐकायचं आहे. तिथे राहिलात, काम केलंत, की नुसते समोरून जात होतात? काय काय होताना पाहिलंत? पुनर्विकासाला संमती दिलेल्यांनीही जरूर लिहा.

———

आम्ही संमती दिली, म्हणून लिहिते. भाडं वर्षानुवर्षं गोठलेलं. तेवढ्यात दुरुस्ती होत नाही हे मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. जिना खचला तेव्हा लावलेला टेकू कायमचाच झाला. सासूबाईंना रात्री संडासासाठी दोन मजले उतरावे लागत. बाहेरून येणारे लोक नक्षीदार खांबांचे फोटो काढत, ‘हे जपायला हवं’ म्हणत. कुणी जपायचं, कुणाच्या पैशातून, हे कुणीच बोलत नसे. त्या खांबांचं मलाही वाईट वाटतं. पण पुन्हा विचारलं तरी सही करेन.

———

मी संरचना अभियंता आहे. तपासणीला गेलं की एक गोष्ट हमखास दिसते: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुना ओल घेतो आणि सोडतोही. वर सिमेंट चढलं की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात, भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजतात. पोपडे पडले की आणखी सिमेंट! आणि हे सगळं दुरुस्ती म्हणून चाललेलं असतं.

तुळईचं टोक कुजलं तर बहुतेकदा तेवढंच कापून नवं लाकूड जोडता येतं, लोखंडी पट्ट्यांनी आधार देता येतो. त्यासाठी अख्खा मजला बाद करावा लागत नाही. एका अहवालात मी स्पष्ट लिहिलं होतं, मागची बाजू ताबडतोब रिकामी करा, पुढची दुरुस्त होईल. पुढच्या बैठकीत त्यातला ‘धोकादायक’ एवढाच शब्द उरला होता. अहवाल मागून घ्या आणि पूर्ण वाचा. नेमका कुठला भाग, कशामुळे, दुरुस्तीचा पर्याय तपासला का, हे विचारा. काही इमारती खरंच राहण्याजोग्या नसतात. तिथे माणसं आधी बाहेर काढायची, बाकी सगळं नंतर.

———

आमच्या रस्त्यावर दर्शनी भिंत तेवढी ठेवली आणि मागे टॉवर उभा केला. जुन्या खिडक्यांमागे आता पार्किंग आहे. याला मी वाचवणं म्हणणार नाही.

———

आम्ही एका जुन्या वाचनालयाचं नाव वारसा यादीत यावं म्हणून अर्ज केला होता. सुनावणीआधीच छप्पर उतरवलं गेलं. छप्पर गेलं की पावसाळ्यानंतर पाडायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. तेव्हापासून मला वाटतं, यादीइतकीच मालकाची भरपाईही महत्त्वाची. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायला परवानगी नाकारली, तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1978 चा निकाल शहराच्या बाजूने लागला. तिथे न वापरता आलेले बांधकाम हक्क जवळपासच्या भूखंडांवर नेण्याची सोय मालकाला होती, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. अशी सोय नसेल तर मालक गळती थांबवेल कशाला?

———

मी वास्तुकलेची विद्यार्थिनी. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेलं टोकियोचं इम्पिरियल हॉटेल 1968 मध्ये पाडलं, पण त्याचा प्रवेशभाग पुढे मेइजी-मुरा संग्रहालयात पुन्हा उभारला. एवढं क्वचितच जमतं. मोजमाप मात्र कुठेही घेता येतं. आम्ही काही जण भिंतींची जाडी, पायऱ्यांची उंची, चौकटींचे सांधे मोजून नकाशे काढतो. रिकामी झालेली पण अजून उभी असलेली इमारत कुणाला माहीत असेल आणि मालकांची हरकत नसेल, तर इथेच कळवा. पाडकामाची तारीख ठरण्याआधी कळवलंत तर फार बरं होईल.