मदत हवी आहे : सैन्याच्या पदवी समकक्ष प्रमाणपत्रावर एलएल.बी.ला प्रवेश का नाकारला?

निवृत्त हवालदार : सतरा वर्षांच्या सेवेनंतर मी गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि त्या वेळी मला पदवी समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळाले. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दिली, गुणही बरे पडले. परंतु कागदपत्रांच्या तपासणीत "हे चालत नाही" एवढेच सांगून फाईल परत करण्यात आली. शनिवारी मुदत संपते. कोणता शासन निर्णय दाखवावा, तेवढेच सांगावे.

कृष्णाकाठ : आपली भरती दहावीवर झाली की बारावीवर? सेवेत असताना एखाद्या विद्यापीठाची परीक्षा दिली होती का?

निवृत्त हवालदार : प्रमाणपत्रावर 'पदवी' असे स्पष्ट लिहिलेले असताना बारावीचा प्रश्न येतोच कुठे?

पेन्शनर नाना : याच प्रमाणपत्रावर मी बँकेत लिपिक म्हणून लागलो. बँकेला चालते ते विद्यापीठाला का चालू नये? सरळ कुलगुरूंना पत्र लिहा.

काळा कोट : नाना, आपली नोकरी हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. दहावी उत्तीर्ण असून किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, जेथे पदवीची अट आहे अशा गट 'क'च्या पदांसाठी पात्र धरता यावे, म्हणून ही समकक्षता दिलेली आहे. ती नोकरीपुरती आहे. विद्यापीठाची पदवी नव्हे. एलएल.बी.साठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते आणि खुल्या प्रवर्गाला त्यात ४५ टक्के गुण लागतात. प्रमाणपत्रावर टक्केच नसतील, तर प्रवेशाचा लिपिक काय तपासणार? मात्र त्याने हे दोन वाक्यांत समजावून सांगायला हवे होते, हेही खरे.

मुक्त विद्यार्थी : मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा 'पूर्वतयारी' हा अभ्यासक्रम करा. बारावी नसली तरी तेथून बी.ए. करता येते. माझ्या ओळखीच्या तिघांनी केले आहे.

काळा कोट : त्या तिघांपैकी वकील किती झाले? मूळ पात्रता, म्हणजे बारावी, नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम विधी शिक्षणाच्या प्रवेशासाठी मानत नाहीत. तीन वर्षे घालवून हवालदारसाहेब पुन्हा त्याच खिडकीवर येतील.

मुक्त विद्यार्थी : सगळ्यांनाच वकील व्हायचे नसते.

कृष्णाकाठ : ज्यांनी विचारले आहे त्यांना व्हायचे आहे.

सातारकर : पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला विसरू नका, महिना अडीच हजार मिळतात.

वीरपत्नी : ती योजना माजी सैनिकांची मुले आणि विधवा यांच्यासाठी आहे, स्वतः माजी सैनिकासाठी नाही. मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात.

निवृत्त हवालदार : माझी भरती दहावीवर झाली. बारावी राहूनच गेली. सीमेवर असताना पुस्तके मागवली होती, ती बदलीच्या धांदलीत हरवली. आधी लिहायला हवे होते, चूक माझी. आता मार्ग कोणता?

काळा कोट : १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावी द्या. त्यानंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम घ्या, किंवा आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा. पदवी मुक्त विद्यापीठाची असली तरी पाया बारावीचा असल्यामुळे ही अडचण येणार नाही. मुदतीत अर्ज करा. फेब्रुवारीतच आठवण झाली, तर वर्ष जाईल.

पेन्शनर नाना : चाळिशीत बारावी! त्यापेक्षा बँक बरी.

निवृत्त हवालदार : नाना, बँकेचा अर्जही भरलेला आहे. शनिवारची घाई आता उरली नाही. मात्र १७ नंबरला शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात आणि माझा तर सापडत नाही. शाळेतून दुय्यम प्रत घेऊन सोबत प्रतिज्ञापत्र जोडले तर चालते का? ज्यांनी स्वतः हा फॉर्म भरला आहे, त्यांनीच सांगावे.