मदत हवी आहे: अंड्याच्या कवचांवर पुस्तकं ठेवायचा प्रयोग, कवचं लगेच फुटतायत

मंडळी, फोंड्याहून लिहितेय. लेक सातवीत आहे, शुक्रवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि तिने विषय घेतलाय कमान आणि घुमट एवढं वजन कसं पेलतात. सुरुवात झाली रायबंदरच्या जुन्या पुलापाशी, पाण्यातल्या कमानी बघून विचारते, आई हा १६३३-३४ चा चिऱ्यांचा पूल, आत सळ्या नाहीत काही नाही, मग यावरून गाड्या जातात कशा? मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं.

कागदाचं छान जमलं. सपाट कार्डशीट दोन डब्यांवर आडवी ठेवली तर कंपासपेटीनेच वाकते, तीच कमानीसारखी वाकवून दोन्ही टोकं जाड पुस्तकांना अडवली की तीच पेटी आरामात पेलते. पुस्तकं जरा सरकवली की मात्र कमान फतकल मारते.

अडलंय ते अंड्यांपाशी. चार अर्धी कवचं पालथी ठेवून वर पुस्तकं रचायची, तर काल तिसऱ्या पुस्तकालाच एक कवच कडेकडून तडकलं आणि मागोमाग बाकीची. सुरीने कापलेली, कडा वेड्यावाकड्या. दोन दिवस घरात नुसतं आमलेट-पाव चाललंय तरी चार सारखी कवचं मिळत नाहीत. कापायची कशी? आणि लेकीचा प्रश्न, घुमट एवढा भक्कम तर बशीच्या काठावर हलकं आपटलं तरी अंडं का फुटतं? परीक्षकही हेच विचारतील.

प्रतिसाद:
ताई, सुरी नकोच. आधी अंड्याच्या मधोमध सेलोटेप गुंडाळा, टोकाला भोक पाडून आतलं काढा, धुवून वाळवा, मग बारीक कात्रीने टेपवरूनच गोल कापा. टेप काढू नका हं, वजन आलं की घुमटाचं बूड बाहेर फाकायला बघतं, तुमच्या कागदी कमानीसारखंच, टेप ते धरून ठेवते. चारही कवचं एकाच उंचीची हवीत, नाहीतर सगळा भार एकावरच येतो. वर आधी पुठ्ठा ठेवा.

लेकीला सांगा, कवच चुनखडीसारखंच, कॅल्शियम कार्बोनेटचं, अर्धा मिलिमीटरही जाड नसतं. दाब सोसतं, ताण नाही, चिऱ्याचंही तसंच. पुस्तकांचं वजन गोलाईवरून चहूबाजूंनी खाली उतरतं, म्हणजे बहुतेक दाबच. बशीचा काठ एकाच जागी बसतो, तिथे कवच आत वाकतं आणि आतून ताणलं जाऊन चिरतं. म्हणून तर कोंबडी वर बसली तरी अंडं टिकतं आणि पिल्लू आतून चोचीने फोडून बाहेर येतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! टेपवाली कवचं केली, रात्री सात पुस्तकं राहिली, काट्यावर साडेतीन किलो भरली. पिल्लाचं उत्तर लेकीने लगेच वहीत उतरवून घेतलं. आता एकच, ही कवचं फोंड्याच्या बसच्या गर्दीतून शाळेत न्यायची कशी? अंड्याच्या ट्रेमध्ये कापूस घालून पुरेल का?