रशियाचं तेल, अमेरिकेचा दट्ट्या आणि खान्देशचा कापूस

(2025 च्या दिवाळीआधी खान्देशातल्या लोकांत झालेली चर्चा. भाव, शुल्क, नियम त्या वेळचे.)

कापूसवाला, चोपडा
रशियाकडून तेल घेता म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर 25 टक्क्यांवर आणखी 25 टक्के शुल्क चढवलं. 27 ऑगस्ट 2025 पासून एकूण 50. कुणाच्या दमदाटीला भीक घालायची नाही, हे मलाही मान्य. पण बिल कुणाच्या नावानं फाडलं ते बघा. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले, शेतकऱ्यांच्या हितासाठी मी भिंतीसारखा उभा आहे. 19 ऑगस्टला, कापड गिरण्यांना दिलासा म्हणून, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ! आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे इकडे आमची वेचणी ऐन भरात आणि तिकडे बंदरात ब्राझील, ऑस्ट्रेलियाची, अन् खुद्द अमेरिकेची रुई बिनशुल्क उतरणार. परराष्ट्र धोरण दिल्लीचं, घाटा आमचा. आमनं काय चुकनं, ते सांगा.

माजी फौजी, भुसावळ
भाऊ, रशियाशी नातं फक्त तेलाचं नाही. एस-400 या हवाई संरक्षण यंत्रणेचा करार 2018 मध्ये केला, तेव्हाही अमेरिकेच्या निर्बंधांची टांगती तलवार होतीच. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तीच यंत्रणा कामी आली. तिचे सुटे भाग मॉस्कोहून येतात. आज तोंड फिरवलं तर उद्या कुणाच्या दारात जायचं? साठच्या दशकात अमेरिकेचा गहू बोटीतून येईल तसा आपण खात होतो आणि त्यांचे अध्यक्ष जॉन्सन तो मोजून-मापून सोडत होते, का, तर त्यांच्या व्हिएतनाम युद्धावर आपण बोललो म्हणून. त्या लाचारीपेक्षा क्विंटलला दोन-चारशे कमी परवडले.

कापूसवाला, चोपडा
कुणाला परवडले, आप्पा? पेन्शनीचा भाव पडत नाही.

सूतगिरणी, शिरपूर
दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. आमच्या गिरणीचं सूत तमिळनाडूत तिरुपूरला जातं, तिथले कपडे अमेरिकेला. अमेरिकेचं शुल्क बांगलादेश आणि व्हिएतनामला 20 टक्के, आपल्याला 50. तिरुपूरच्या ऑर्डरी अडकल्या की आमच्या गोदामात सुताचे कोन साचतात. वरून रुई बाहेरच्यापेक्षा महाग घ्यायची, मग जगायचं कसं? आणि हे शुल्क काही बापजाद्यांपासूनचं नाही, 2021 च्या बजेटमध्ये आलं. 2022 मध्येही काही महिने माफ होतं, तेव्हा कुणाचा कापूस पडून राहिला?

कापूसवाला, चोपडा
2022 मध्ये भाव दहा हजारांच्या वर होता, दादा. तेव्हा दार उघडलं काय अन् लावलं काय, आम्हाला फरक पडला नाही. आता बाजार हमीभावाच्याही खाली घुटमळतोय. तेच दार आता उघडणं वेगळं.

जिनिंगवाला, जामनेर
मी दोघांच्या मधला, दोन्हीकडून शिव्या खातो. शुल्क गेलं तसे सीसीआयनंही (हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ) आपल्याकडच्या रुईचे दर उतरवले. आता म्हणतील, हमीभाव आहे ना, लांब धाग्याला क्विंटलमागे 8110 रुपये. आहे, पण ओलावा 8 टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण. त्यावर कपात आणि 12 च्या पुढे गाडी परत. परतीच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी 12 च्या आत कुठून येणार? दिवाळी तोंडावर, वेचणीची मजुरी रोख. ढिगात मीटरची सुई खुपसली, आकडा वर गेला की माणूस मुकाट्यानं खेडा खरेदीवाल्याकडे, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे वळतो. तो भाव सांगणार बंदरावरच्या रुईचा. वॉशिंग्टनचा निर्णय आमच्या गावात असा पोचतो. (सीसीआयला माल द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, ती केली नसेल त्यांनी आधी ती करा, मग भांडा.)

अभ्यासिका, धुळे
चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेतो. त्याला असा दंड का नाही? कारण एप्रिलमध्ये त्यानं दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि मोटार कारखान्यांची धाबी दणाणली. आपल्या हातात तसं काही नाही. हातात हुकमाचा पत्ता नसताना स्वायत्ततेच्या गप्पा मारल्या की कुठलं तरी दार उघडावं लागतं, आणि सगळ्यात कमी ओरडणाऱ्याचं उघडतात. बरं, युक्रेन युद्धाआधी रशियन तेल आपल्या आयातीत 2 टक्क्यांच्या आसपास, पुढे एक तृतीयांशाच्या वर गेलं. त्या सवलतीचं काय झालं? पंपावर शेवटचे 2 रुपये कमी झाले ते मार्च 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर.

माजी फौजी, भुसावळ
आपण ते तेल घेतलं नसतं तर जगात भाव भडकला असता, पंपावर तुम्हालाच चटका बसला असता. न वाढलेला भाव कुणाला दिसत नाही. आणि पत्ता एका रात्रीत हातात येत नसतो, चीननं त्या खनिजांवर कित्येक वर्षं घातली.

कापूसवाला, चोपडा
मान्य. मग स्वस्त तेलात जे वाचलं त्यातून भावांतर द्या. हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक थेट खात्यावर, 31 डिसेंबरपर्यंत विकलेल्या प्रत्येक क्विंटलवर. रशियाचं तेल खुशाल घ्या.

सूतगिरणी, शिरपूर
भावांतराच्या मागणीवर माझी सही घ्या. पण 1 जानेवारीला शुल्क परत लावा म्हणाल तर मी समोरच्या बाजूला.

कापूसवाला, चोपडा
मी तेच म्हणणार आहे.